‘हे कुठे लिहिलंय?’ : ड्युटीवर माहिती शोधायची कशी आणि वापरायची कशी

रात्रीचे सव्वादोन. वॉर्डात अडतीस पेशंट, आपण दोघी सिस्टर, एक मावशी, आणि हाऊसमन, म्हणजे युनिटचा ज्युनिअर डॉक्टर, कॅज्युअल्टीत अडकलेला. बावीस नंबरच्या बेडला सेफ्ट्रायाक्झोन या अँटिबायोटिकचा डोस ड्यू आहे आणि त्याच लाइनला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) चालू आहे. तसंच सोडायचं का? आपण काय करतो, तर ट्रॉलीपाशी औषधं काढत असलेल्या दुसऱ्या सिस्टरला विचारतो, "अगं, आरएलवर सेफ्ट्रायाक्झोन चालतं का गं?" आणि ती जे म्हणेल ते करून मोकळ्या होतो.

यात चूक काही नाही हे मी आधीच सांगते. नर्सेसवर जगभर जे अभ्यास झालेत त्यात पुन्हा पुन्हा हेच दिसलंय की नर्स सगळ्यात आधी सहकाऱ्याला विचारते, पुस्तक आणि संशोधन त्याच्या बरंच नंतर येतं. आणि ते बरोबरच आहे, सहकारी जवळ असते, तिला आपला वॉर्ड माहीत असतो, आपले पेशंट माहीत असतात, विचारायला दोन सेकंद लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडायचा, "हे कुठे लिहिलंय?" तिला ठाऊक असेल तर ती लगेच दाखवेल, नसेल तर दोघी मिळून शोधू. गेली बरीच वर्षं मी मुंबईत मेडिसिन वॉर्डात काढली आहेत आणि माझ्या कामात खरा फरक पडला असेल तर या एका प्रश्नाने पडलाय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, खास करून नुकत्या जॉइन झालेल्या मुलींसाठी आणि ब्रदर्ससाठी.

(बावीस नंबरचं उत्तर अर्धवट ठेवत नाही. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, सेफ्ट्रायाक्झोन आणि कॅल्शियम एकत्र आले की खडे धरतात, म्हणून एकाच लाइनमधून एका वेळी द्यायचं नाही. आरएल बंद, एनएसने, म्हणजे नॉर्मल सलाइनने, लाइन नीट फ्लश, मग डोस, परत फ्लश, मग आरएल. आणि २८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम असलेलं सलाइन चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रायाक्झोन द्यायचंच नाही, फ्लश करूनही नाही. कुठे लिहिलंय? औषधाच्या खोक्यातल्या त्या घडी घातलेल्या कागदावर, जो आपण खोकं उघडल्या उघडल्या कचऱ्यात टाकतो.)

मला ही सवय कशी लागली

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. स्ट्रोकचे एक आजोबा, शुद्ध जेमतेम, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी) टाकायची होती. ज्या सिस्टरने मला सगळं काम हाताला धरून शिकवलं त्या शेजारी उभ्या होत्या, आजही मी त्यांना मानते. ट्यूब गेली, आजोबा खोकलेसुद्धा नाहीत. शिकवलं होतं तसं पन्नासच्या सिरिंजने हवा सोडली आणि पोटावर स्टेथो ठेवला, गुडगुड आवाज आला, मी ऐकला, त्यांनीही ऐकला. "बसली," म्हणाल्या. दोनशे एमएलचं फीड जगमध्ये तयार होतं आणि मी सिरिंजचा प्लंजर काढून ट्यूबला लावलीसुद्धा होती, तेवढ्यात एक्स-रेवाले मामा पोर्टेबल मशीन ढकलत आले. न्यूमोनियाच्या शंकेने सकाळीच छातीचा एक्स-रे लिहिलेला होता, तो तेव्हा निघाला. फीड दहा मिनिटं थांबलं. फिल्म आली तेव्हा ट्यूब उजव्या फुप्फुसात होती.

आवाज आम्ही दोघींनी ऐकला होता, खोटं कुणीच बोललं नव्हतं. आवाज पोटावर येतोच, ट्यूब फुप्फुसात असली तरी येतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात सगळ्यांना विचारत सुटले, हवा सोडून ऐकायचं हे कुठे लिहिलंय? कुणालाच सांगता येईना. सगळ्यांना कुणीतरी शिकवलेलं होतं, आणि शिकवणाऱ्यांनाही कुणीतरी.

पहिलं काम: घड्याळ बघा, मग प्रश्न लिहा

माहिती शोधायला बसण्याआधी हे ठरवायचं की आपल्याकडे वेळ किती आहे, कारण त्यावरून कुठे शोधायचं ते ठरतं. पेशंट निळा पडतोय तेव्हा शोधायचं काहीच नाही, हाक मारायची, क्रॅश कार्ट ओढायची, पाठ असलेलं करायचं. डोस पंधरा मिनिटांत द्यायचाय, तर लेबल, वॉर्डची फाइल, फार्मसिस्ट. ड्युटी संपेपर्यंत वेळ आहे, तर फॉर्म्युलरी (औषधांच्या माहितीचं पुस्तक), प्रोटोकॉल, वरिष्ठ. आणि "आपण हे असंच का करतो?" असा प्रश्न असेल तर तो त्या रात्री सुटणार नाही, तो डायरीत लिहून ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी शांतपणे शोधायचा. माझ्या खिशात छोटी डायरी असते, शेवटच्या पानावर फक्त असे प्रश्न.

प्रश्न लिहिताना चार गोष्टी घाला: पेशंट कोण, आपण काय करायचा विचार करतोय, त्याऐवजी दुसरं काय करता येईल, आणि बघायचंय काय. याला पिको म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. "ट्यूबची खात्री कशी करायची" हा अर्धा प्रश्न झाला. "मोठ्या माणसात, बेडवर, नुकत्या टाकलेल्या ट्यूबची जागा तपासायला हवा सोडून ऐकणं आणि पोटातल्या पाण्याचा पीएच (ॲसिड किती ते) बघणं, यातलं चुकीच्या जागी गेलेली ट्यूब कशाने पकडली जाते" हा पूर्ण प्रश्न. लांब वाटतो, पण असा लिहिला की शोधायचे शब्द आपोआप त्यातूनच मिळतात.

सगळ्यात पहिला सोर्स बेडवर झोपलाय

हे मी मुद्दाम पुस्तकांच्या आधी घेतेय. आपण फोन काढतो, फाइल चाळतो, आणि ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचाय त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं.

पावसाळ्यातलं उदाहरण देते, जुलै ते ऑक्टोबर मुंबईतल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात रोज दिसणारं. डेंग्यूचा तरुण पेशंट, आजाराचा पाचवा दिवस, ताप उतरलाय, आई खूश, "सिस्टर, आज बघा ताप नाही, घरी कधी सोडतील?" आपण व्हायटल्स घेतो: टेम्परेचर ३६.८, पल्स १०८, बीपी १०४/८६, श्वास २०, सॅच्युरेशन ९७ ऑक्सिजनशिवाय, शुद्धीत, बोलतोय. आता न्यूज-२ हा स्कोअर घ्या, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढला आणि २०१७ मध्ये सुधारला, पेशंट बिघडतोय का हे पटकन कळायला फार चांगला आहे. एकूण ५ झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, ७ किंवा जास्त झाले तर इमर्जन्सी, आणि कुठल्याही एकाच गोष्टीला ३ मिळाले तरी डॉक्टरला लगेच कळवायचं. या मुलाचा स्कोअर किती? पल्सचा १, बीपीचा १, बाकी सगळं शून्य, एकूण २. म्हणजे कागदावर आरामात.

पण वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक बघा, १०४ वजा ८६, अठरा. डेंग्यूमध्ये हा फरक २० किंवा त्याच्या आत आला की शॉकची सुरुवात धरायची, वरचं बीपी अजून टिकलेलं असलं तरी. आणि ताप उतरतो तोच काळ डेंग्यूत सगळ्यात धोक्याचा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसातला, तेव्हा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो. न्यूज-२ ला खालचं बीपी दिसतच नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही. म्हणून स्कोअर वापरा, जरूर वापरा, पण तो काय मोजतो आणि काय मोजत नाही ते माहीत असू द्या. मग त्या मुलाचे हात धरून बघा, गार आहेत का, नखावर दाबून रंग किती वेळात परततो, पोटात दुखतंय का, सारख्या उलट्या होतायत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी शेवटची कधी झाली. सकाळचा हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) आणि कालचा शेजारी शेजारी ठेवा, प्लेटलेट उतरतायत आणि हिमॅटोक्रिट चढतोय असं असेल तर फोन लावायला थांबू नका.

आणि आईला विचारा. "रात्रीपासून वेगळं काय वाटतंय तुम्हाला?" ती म्हणेल, "बोलतो पण लगेच डोळे मिटतो हो." चोवीस तास शेजारी बसलेल्या माणसाला आपल्या दर चार तासांच्या टीपीआरपेक्षा (टेम्परेचर, पल्स, श्वास) जास्त दिसतं.

विचारायचं कुणाला आणि कसं

प्रत्येक प्रश्नाचा माणूस वेगळा. औषध कशात विरघळवायचं, किती वेगाने, कशाबरोबर नाही, हे फार्मसिस्टला विचारा. आपल्याकडे फार्मसिस्टला फक्त इंडेंट (औषधांची मागणी) पाठवला जातो, प्रश्न कुणी विचारत नाही, पण हे त्यांचं शिक्षणच आहे आणि विचारलं की बहुतेक जण मनापासून सांगतात. कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाइनची नळी), कॅथेटर, आयसोलेशन यासाठी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. मशीनचं काही असेल तर आयसीयूतल्या सिस्टर, त्यांच्या हातून रोज जातं. पेशंटच्या ट्रीटमेंटचा प्लॅन युनिटच्या हाऊसमनला किंवा रजिस्ट्रारला.

विचारताना "असंच करतात ना?" असं विचारू नका, त्यावर समोरचा माणूस हो म्हणून सुटतो. "तुम्ही कसं करता आणि ते कुठे लिहिलंय, मला वाचायचंय" असं विचारा. स्वर महत्त्वाचा आहे, शिकायचंय असा स्वर ठेवा. वरिष्ठ सिस्टर दुखावतील अशी भीती नव्या मुलींना असते आणि ती खोटी नाही, मी पण त्यातून गेलेय. "मॅडम, तुमच्याकडून शिकले तेच नीट लिहून ठेवायचंय" असं म्हटलं की आजवर मला कुणी झिडकारलेलं नाही.

आणि दोन जणींनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे दोन पुरावे झाले असं समजू नका. दोघी एकाच सिस्टरकडून शिकलेल्या असू शकतात.

लेबल, खोक्यातला कागद आणि वॉर्डची फाइल

डोसच्या प्रश्नाचं उत्तर दहातल्या आठ वेळा आपल्या हातातच असतं. इन्सुलिन घ्या. आपल्या देशात ४० युनिट पर एमएलची व्हायल पण मिळते आणि १०० युनिट पर एमएलचं इन्सुलिन पण. सिरिंजही दोन, ४० साठी लाल टोपीची आणि १०० साठी केशरी टोपीची. आता समजा व्हायल १०० ची आहे आणि हातात लाल टोपीची सिरिंज आली. दहाच्या रेषेपर्यंत भरलं तर आत गेलं पाव एमएल, म्हणजे ४० च्या इन्सुलिनचे दहा युनिट, पण १०० च्या इन्सुलिनचे पंचवीस. अडीचपट. पेशंट पहाटे घामाने थबथबलेला सापडतो आणि चार्टवर सगळं बरोबर लिहिलेलं असतं. म्हणून इन्सुलिन काढताना व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचायचे, शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल असे. घरी जाणाऱ्या पेशंटलाही हेच दाखवायचं, केमिस्ट जे देईल ते घेऊन येतात बिचारे.

आमच्या ट्रॉलीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, ज्या औषधांत चूक झाली तर परत फिरता येत नाही ती औषधं त्यावर. पोटॅशियम क्लोराइड, दहा एमएलच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट, कधीही पुश करायचं नाही, पातळ करून सावकाशच. फेनिटॉइन फक्त एनएसमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये खडे होतात, मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही. हेपारिन, इन्सुलिन, असं सगळं. प्रत्येक ओळीपुढे कुठून घेतलं आणि कुठल्या तारखेला तपासलं ते लिहिलंय, खाली फार्मसिस्टची सही. सोर्स आणि तारीख नसलेला कागद भिंतीवर लावू नका, तो तिथेच पिवळा पडतो आणि लोक डोळे झाकून त्यावर विश्वास ठेवतात.

कागद हातात नसेल तर नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया बघा, इंडियन फार्माकोपिया कमिशन काढतं ते. आपल्या हॉस्पिटलची प्रोटोकॉल फाइल पण बघा, एनएबीएचवाल्या (दर्जाची मान्यता मिळालेल्या) हॉस्पिटलांत ती असतेच, फक्त बऱ्याचदा ती इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात असते. तिची एक प्रत बाहेर काढून घ्या. रात्री दोन वाजता जी फाइल मिळत नाही तिचा नाइटवाल्यांना काय उपयोग?

इंटरनेटवर शोधताना

पहिली अडचण शब्दांची आहे, आणि ही मला कुणी सांगितली नव्हती, धडपडून कळली. आपण वॉर्डात बोलतो ते शब्द जगाच्या संशोधनात नसतात. राईल्स ट्यूब शोधली तर मोजकं काहीतरी मिळतं, नेझोगॅस्ट्रिक ट्यूब शोधली की ढीग. इंट्राकॅथ नाही, पेरिफेरल इंट्राव्हीनस कॅथेटर. बेडसोअर नाही, प्रेशर अल्सर, आणि २०१६ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने प्रेशर इंज्युरी म्हणायला सुरुवात केली म्हणून दोन्ही टाकून बघा. पॅरासिटामॉलला अमेरिकन ॲसिटामिनोफेन म्हणतात, ॲड्रेनलिनला एपिनेफ्रिन. मी डायरीत असे जोडशब्द लिहून ठेवलेत.

कुठे शोधायचं: पबमेड, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट, फुकट आहे, तीन कोटींवर नोंदी आहेत. शब्द टाकले की डाव्या बाजूला फिल्टर येतात, त्यात "फ्री फुल टेक्स्ट" आणि "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" यावर टिक करा. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्र हिशोब मांडलेला लेख, एका सुट्या अभ्यासापेक्षा त्याला जास्त वजन द्यायचं. कॉक्रेन लायब्ररीत असेच रिव्ह्यू असतात आणि प्रत्येकाचा साध्या भाषेतला सारांश सगळ्यांना मोफत वाचता येतो, इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. हात धुण्यापासून ऑपरेशनच्या चेकलिस्टपर्यंतच्या गोष्टींना जागतिक आरोग्य संघटनेची साइट. हॉस्पिटलला मेडिकल कॉलेज जोडलेलं असेल तर लायब्ररीत जा आणि ग्रंथपालांना सरळ सांगा की मी वॉर्डात काम करते, मला या प्रश्नावरचं वाचायचंय. सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, हजारो जर्नल्स त्यात आहेत, आपल्या कॉलेजला ते मिळतं का हे तिथेच कळेल.

मी ट्यूबचं असंच शोधलं, लोकलमध्ये, ठाण्याहून दादरपर्यंत फोनवर वाचत, तीन-चार दिवस. आणि मिळालं ते हे: ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००५ मध्येच सगळ्या हॉस्पिटलांना कळवलं होतं की हवा सोडून ऐकायची पद्धत वापरू नका, लिटमस पेपरही नको, ट्यूबमधून थोडं पाणी ओढून पीएच पट्टीवर टाका, १ ते ५.५ आलं तर पोट, नाही आलं किंवा पाणीच निघालं नाही तर एक्स-रे. सोबत हेही कळलं की पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी औषधं चालू असतील तर ट्यूब पोटात असूनही पीएच वर जातो, आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पेशंटला पँटोप्राझोल चालू असतं. म्हणजे तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नव्हतं, आमच्या वॉर्डात एक्स-रे जास्त लागणार हे धरूनच ती बसवावी लागणार होती.

गुगलवर पहिली येणारी साइट, यूट्यूबचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर फिरणारा डोसचा चार्ट, यातलं काही चुकीचं असेलच असं नाही, पण लिहिलंय कुणी, कधी, आणि कशावरून, या तिन्हीचं उत्तर मिळत नसेल तर त्यावरून पेशंटला काही देऊ नका. एआयच्या ॲपबद्दल हल्ली सगळे विचारतात. मी ते शब्द शोधायला वापरते, कठीण परिच्छेद समजून घ्यायला वापरते. डोस त्यातून कधीच घेत नाही, कारण चुकलेलं उत्तरही ते तितक्याच ठामपणे देतं आणि कधी कधी जगात नसलेल्या पेपरची नावं देतं. आणि पेशंटचं नाव, केस पेपरचा फोटो, रिपोर्ट, यातलं काहीही ना ॲपमध्ये टाकायचं ना ग्रुपवर. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, पण कायदा नसता तरी ते त्या माणसाचं खाजगी आहे.

फोनवरून एक गोष्ट, नातेवाईकांना वाटतं सिस्टर मोबाइल बघत बसलीय. मी सरळ सांगते, "तुमच्या बाबांच्या औषधाची माहिती बघतेय, दोन मिनिटं." सांगितलं की माणसं थांबतात, उलट बरं वाटतं त्यांना.

दोन चांगले सोर्स वेगवेगळं सांगतात तेव्हा

हे होणारच. कॅन्युलाचं बघा. बऱ्याच वॉर्डांत नियम आहे की ७२ ते ९६ तासांनी कॅन्युला बदलायची, चांगली चालत असली तरी. कॉक्रेनचा २०१९ चा रिव्ह्यू आहे, ९ अभ्यास, सात हजारांवर पेशंट, त्यात ठरावीक वेळाने बदलल्याने इन्फेक्शन किंवा शीर सुजणं कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही, म्हणजे गरज पडेल तेव्हा बदला. वाचून मला फार आनंद झाला होता, पेशंटचं एक टोचणं वाचलं. मग जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्समधला २०२१ चा पेपर वाचला, तिथे ठरावीक वेळाने बदलणं बंद केल्यावर कॅन्युलातून होणारी रक्तातली इन्फेक्शन्स वाढली आणि जुना नियम परत आणल्यावर कमी झाली.

मग खरं काय? मी स्वतःला असं विचारलं: गरज पडेल तेव्हा बदला याचा अर्थ कुणीतरी प्रत्येक शिफ्टला प्रत्येक कॅन्युला उघड्या डोळ्यांनी बघणार, लाली, सूज, दुखणं, गळती. अभ्यासात तशी माणसं नेमलेली असतात. माझ्या वॉर्डात दोघीत अडतीस पेशंट असतात, तिथे ते रोज होईल का? मला खात्री नव्हती. म्हणून मी दोन्ही पेपर इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरना दिले आणि नियम आहे तसाच पाळला. स्वतःच्या मनाने हॉस्पिटलचा नियम बदलायचा नाही, कितीही चांगला पेपर हातात असला तरी. पेपर योग्य टेबलावर ठेवायचा आणि पाठपुरावा करायचा, कंटाळा न करता. पण प्रत्येक शिफ्टला कॅन्युला बघायला कुणाची परवानगी लागत नाही, ते आम्ही त्याच दिवशी सुरू केलं.

मिळालेली माहिती डॉक्टरपर्यंत

माहिती बरोबर असून फोनवर नीट सांगता आली नाही की वाया जाते. "सर, तेरा नंबरला जरा बरं वाटत नाहीये" याने रात्री तीन वाजता कुणी उठून येत नाही. एसबार नावाची पद्धत आहे, चार तुकडे, आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, मला काय हवंय. त्या डेंग्यूच्या मुलासाठी असं:

"सर, मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलतेय. तेरा नंबर, डेंग्यू, बीपी १०४/८६ आहे, फरक फक्त अठरा, पल्स १०८, हात गार. आजाराचा पाचवा दिवस, ताप सकाळी उतरला, हिमॅटोक्रिट काल ४१ होता आज ४८, प्लेटलेट उतरतायत, सहा तासांत लघवी नाही. मला शॉकची सुरुवात वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोपर्यंत सलाइनचं काय करू ते सांगा."

मग जे सांगतील ते लिहून घ्यायचं आणि त्यांनाच वाचून दाखवायचं, वेळ टाकायची. "मला वाटतंय" म्हणायला घाबरू नका, निदान डॉक्टर करतील, पण तुम्ही बघितलंय आणि त्यांनी अजून बघितलेलं नाही. ऑर्डरबद्दल शंका असेल तर "सर, लेबलवर असं लिहिलंय, एकदा बघता का" एवढंच, भांडण नाही. तरी शंका मिटली नाही तर डोस धरून ठेवा, रजिस्ट्रारना विचारा, इन्चार्जना सांगा. औषध देणारा हात आपला असतो.

एखाद्या औषधाने काही विपरीत झालंय अशी नुसती शंका असली तरी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅमला नर्सलाही कळवता येतं, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. हे फक्त डॉक्टरचं काम आहे असं फार जणींना वाटतं, तसं नाही.

पुढच्या शिफ्टसाठी लिहून ठेवा

ट्यूबच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ शोधण्यात गेला नाही, वॉर्डात बसवण्यात गेला. पीएच पट्ट्या आमच्या इंडेंटमध्येच नव्हत्या. मी एक पान लिहिलं, प्रश्न काय, कुठे काय लिहिलंय, आपल्याकडे काय लागेल, ते इन्चार्ज सिस्टरना दिलं, त्यांनी मेट्रनना, मग युनिटच्या मॅडमची सही, मग स्टोअर. तीन महिने. ज्यांनी मला शिकवलं होतं त्या सिस्टर माझ्याबरोबर स्टोअरमध्ये दोनदा आल्या, म्हणाल्या, "चल, मी बोलते त्यांच्याशी, माझं ऐकतात."

आता आमच्या चार्टवर ट्यूबसाठी तीन रकाने आहेत: नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण, पीएच किती, एक्स-रे बघितला का आणि कुणी. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे वॉर्ड सोपवताना, हे तीन बोलून दाखवायचे, आणि खूण सरकलेली दिसली की फीड थांबवून परत तपासायचं. नवीन काही सापडलं की ते ओव्हरच्या वहीत वेगळ्या शाईने लिहायचं, खाली सोर्स आणि तारीख, कारण तोंडी सांगितलेलं दोन शिफ्टच्या पुढे जात नाही.

ट्रॉलीवरचा कागद मी दर सहा महिन्यांनी तपासते. एकदा जून लागायच्या आत, पावसाळ्याची गर्दी सुरू होण्याआधी, तेव्हा डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोची पानंही बदललीयत का ते बघून घेते, आणि एकदा डिसेंबरमध्ये. फार्मसिस्ट आणि मी, दुपारच्या ओव्हरनंतर, अर्धा तास लागतो.